कुडाआडचा पावा

अंगठा ठेवला आणि मशीन बोललं नाही. मी अंगठा तसाच दाबून उभी राहिले. आमच्या कचेरीतलं हजेरीचं जुनं मशीन बिघडलं म्हणून त्या सोमवारी नवं बसवलं होतं. जुनं बाईच्या आवाजात थँक यू म्हणायचं, ते मला आवडायचं, कारण सरकारी नोकरीत एवढे आभार दुसरं कुणी मानत नाही. नवं म्हणे नुसतं टीं करतं. मी त्या टींची वाट बघत होते आणि मागे रांग वाढत होती. शेवटी ममता, माझ्या शेजारच्या टेबलावरची, पायाला भिंगरी लागलेली पोरगी, खांद्यावरून वाकून म्हणाली, "जयवंतीताई, झालं की. कधीचं वाजलं." मी म्हटलं, "नाही वाजलं. नवं आणलं तेही बिघडलेलंच आणलं." तिने स्वतःचा अंगठा ठेवला. मी मशीनच्या तोंडाकडे बघत राहिले, जणू ते ओठ हलवणार होतं. "हे बघा, वाजलं," ममता म्हणाली. रांगेतले दोघे हसले, मीही हसले. मग टेबलाशी येऊन आवक रजिस्टर उघडलं, तारीख घातली, पहिल्या टपालावर शिक्का मारला. शिक्क्याचा धप्प आवाज मात्र नीट आला. मी तो दुसऱ्यांदा मारला, तिसऱ्यांदा मारला, आणि त्या कागदावर तीन शिक्के पडले ते मला दुपारी दिसलं.

कुणाला वाटेल, एक टीं ऐकू आलं नाही तर त्यात एवढं काय. पण कान हीच माझी मिळकत आहे. बाकी माझ्यात सांगण्यासारखं काय? वय एक्कावन्न, डावा गुडघा धरतो, मिस्टर जाऊन सात वर्षं झाली, मुलगा नोकरीला भिवंडीत, आणि मी इथे जव्हारला दोन खोल्यांत. पण पोशेऱ्याला आमच्या पाड्यावर गेले की म्हातारी माणसं अजून मला पुंजाची कानवाली पोर म्हणतात. पुंजा म्हणजे माझा बा. भात आणि नाचणी तर डोंगरावरचं सगळंच गाव पिकवायचं, ती काही सांगायची गोष्ट नव्हे. बा लाकडाचे पावे करायचा. वीत-दीड वीत लांबीचे, गुराख्यांच्या कमरेला राहतील असे, तोंडाशी फट आणि फटीपुढे तासलेली धार, अंगावर सहा भोकं. आमच्या घरचा रिवाज असा की भात शेतात उभं असेपर्यंत पावा तोंडाला लावायचा नाही. पिकाची झोपमोड होते म्हणत. नवं भात कापून, देवापुढे ठेवून, घरातल्या सगळ्यांनी खाल्लं की मगच फुंकायचं. म्हणजे चार महिने बा नुसता लाकूड तासायचा, आतून पोखरायचा, मोहाच्या बियांचं तेल चोळायचा आणि चुलीवरच्या धुरात टांगून ठेवायचा. कुणाच्या पोटात कसला आवाज आहे ते त्यालाही ठाऊक नसायचं. रात्री अंथरुणावर पडून मी वर बघायचे, तर पंधरा-वीस पावे धुरात हलकेच फिरत असायचे, सगळे गप्प.

नवं खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी बा चुलीजवळ बसून एकेक खाली काढायचा. आधी काखेत धरून ऊब द्यायचा, कारण गार लाकूड सुराला उतरतं. मग खालचा सूर, मग चढत चढत वरचे, मग जोरात फुंकून सगळ्यात वरचा. ज्याचा वरचा लागला नाही तो मुका, आणि मुका पावा सरळ चुलीत. मी सात वर्षांची होते त्या वर्षी त्याने चार चुलीत घातले. पाचवा फुंकला, मान हलवली, हात चुलीकडे नेला, आणि मी ओरडले, "बा, नको, तो गातो!" मला तो स्वच्छ ऐकू आला होता. पिकायला आलेलं करवंद जिभेवर ठेवल्यासारखा, वर जरासा आंबट, आत गोड. बाचा हात थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं. मग पावा चुलीच्या कडेला ठेवला, उठला, बाहेर गेला आणि दिवस कलेपर्यंत परतलाच नाही. आय म्हणाली, तुझ्या आगाऊपणाने रागावला. पण दुसऱ्या दिवशी त्याने मला बाहेर ओट्यावर बसवलं आणि आपण कुडाच्या आत गेला. कूड म्हणजे आमच्या घराची भिंत, कारवीच्या काठ्यांची, शेणामातीने लिंपलेली. आतून एक पावा वाजला, मग दुसरा. "सांग गो पोसे, वरचा कसा?" बाचा आवाज आला. मी डोळे मिटून म्हटलं, "पयला तुरट. दुसरा गोड." आतून तिसरा वाजला. मग परत, "आन हा?" "हा आंबट." असा आमचा खेळ सुरू झाला. दर वर्षी नव्यानंतर, मी लग्न होऊन जाईपर्यंत आणि नंतरही माहेरपणाला गेले की. माझा भाऊ मंगळू तीन वर्षांनी लहान, तोही ओट्यावर येऊन बसायचा, "मना पन इचार" म्हणायचा. बा आतून सांगायचा, "तुला हात दिलाय देवान. कान बायला दिलाय." मंगळूने ते कधी मनाला लावून घेतलं नाही, निदान मला तरी तसं दिसलं नाही. ही गोष्ट मी कचेरीत किती वेळा सांगितली आहे त्याला गणती नाही. हळदीकुंकवाला, सहलीच्या गाडीत, जुन्या साहेबांच्या निरोपाला. माझ्या बापाने माझा कान ओळखला तो दिवस, अशी तिची सुरुवात. ममताला तर ती पाठ आहे, करवंद आलं की ती माझ्याआधी म्हणते.

या पाव्यांच्या गोष्टीत आयर्लंडही आहे, आणि ते पोशेऱ्यात कुठून आलं, तर योगिता मॅडमकडून. त्या नाशिकला असतात, आयर्लंडच्या चालीची शिट्टी वाजवतात आणि शिकवतात. दहा-अकरा वर्षांपूर्वी मोखाड्याच्या बाजारात त्यांना मंगळूचा पावा दिसला आणि त्यांनी पिशवीतून पत्र्याची एक शिट्टी काढून त्याच्या हातात दिली. सहाच भोकं, तोंडाशी फट, फटीपुढे धार. मंगळू मला म्हणाला होता, "बाय, त्या लोकांनी बाचा पावा चोरला का काय?" पत्र्याची चुरचुरते, लाकडाची अंगाने भरलेली लागते, म्हणून तिकडे लाकडाच्या हाताने केलेल्या शिट्टीला मान आहे. मॅडमनी मापं दिली आणि मंगळू त्या मापाने करू लागला. पाड्यावर कुणी म्हणतं मंगळू विंग्रजांना पावे पुरवतो. मी सांगायचे, अरे आयरिश आणि इंग्रज वेगळे, त्यांचं आपसात पटत नाही. मंगळू म्हणायचा, मग तर बरंच, दोघंपन घेतील. पण रिवाज त्याने मोडला नाही. पावसाळाभर करायचे, न फुंकता टांगून ठेवायचे, आणि नवं खाल्लं की सगळे फडक्यात बांधून एसटीने माझ्याकडे जव्हारला आणायचे. मग मी एकेक वाजवून चिठ्ठी लिहायची. फुंक किती लागते, खालचा सूर दमदार आहे का, खालून वर उडी घेताना घसरतो का, बोटं भोकांवर सहज बसतात का की ताणावी लागतात, दहा मिनिटं वाजवून ओल धरली की गळा बसतो का. आणि सगळ्यात शेवटी, वरचा कसा. माझ्या चिठ्ठीवाचून एक पावा नाशिकला गेला नाही. यंदा तर मॅडमचा निरोप होता की एकच द्या, पण तुमचा सगळ्यात चांगला द्या. त्या तिकडे एका मेळाव्याला चालल्या आहेत, तिथे देशोदेशीच्या कारागिरांच्या लाकडी शिट्ट्या शेजारी शेजारी ठेवून वाजवणार आहेत, कुणाचा आवाज कसा, कुणाची फुंक हलकी. त्या रांगेत पोशेऱ्याच्या मंगळू पुंजाची एक असणार. मंगळूने फोनवर हे मला दोनदा सांगितलं. शनिवारी येतो म्हणाला.

सोमवार ते शनिवार हे सहा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. काम नेहमीचं चालू होतं, पण मी सगळ्या आवाजांवर पाळत ठेवत होते. कुकरची शिट्टी ऐकू आली, हायसं वाटलं. पायऱ्यांवर माणसं ऐकू आली, डेपोकडून एसटीचा हॉर्न आला. मग वाटायचं, काही नाही, मशीनच हळू आहे. पण रोज सकाळी अंगठा ठेवताना मी ममताच्या तोंडाकडे बघायचे आणि तिने मान हलवली की अंगठा उचलायचे. गुरुवारी डबा खाताना सहज म्हटलं, "हल्ली जव्हारात रातकिडे राहिले नाहीत, नाही? पूर्वी किती ओरडायचे. ही सगळी फवारणीची कृपा." मी हे दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते, तोंड वाकडं करून, जाणत्या माणसासारखं. ममता घास तोंडात धरून माझ्याकडे बघायला लागली. "ताई, झोपू देत नाहीत हो मेले. काल मी खिडकी लावून घेतली." मी भाजीकडे बघितलं. घेवड्याची होती. म्हटलं, तुमच्याकडे झाडं जास्त. त्या संध्याकाळी घरी न जाता मी तलावाच्या बाजूला जाऊन बसले. ऊन उतरलं होतं, पाण्यावर धुकं धरू लागलं होतं आणि समोरच्या झाडावर बारकी पाखरं बसली होती, त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. सगळं इतकं शांत आणि सुंदर दिसत होतं की मला क्षणभर बरंच वाटलं. मी लहानपणी चुलीवर फिरणारे पावे बघायचे ना, तसं. मग एक बाई पोराला घेऊन जाताना म्हणाली, किती कलकलाट करतात ही पाखरं, आणि मी उठले. घरी येईपर्यंत कुणाशी बोलले नाही.

शनिवारी अकराच्या गाडीने मंगळू आला. डोक्याला तेल, इस्त्रीचा सदरा, काखेत फडकं. चहा प्यायला, भिवंडीच्या भाच्याची चौकशी केली, यंदाचं भात बरं आहे म्हणाला, नव्याला तुझी वाट बघितली म्हणाला. मग फडकं सोडलं. तीन पावे होते. एक खैराचा, तांबूस, हातात घेतला की जड. एक शिसवाचा, काळा, तेलाने चमकणारा. आणि एक शिवणीचा, फिकट, इतका हलका की उचलताना हात उगाच वर गेला. "शिवणीचा आनला उगाच," मंगळू म्हणाला. "तू मुकाच म्हनशील. त्या दोघांची धार तुझ्या मनासारखी ठेवली, कडक. मागल्या साली तू जे पास केलेस ना, त्या मापान. शिवणीचाच तेवढा हात गेला तसा केला." मी खैराचा काखेत धरला. खिडकीतून ऊन येत होतं आणि लाकडाला घरच्या धुराचा वास होता. तो वास आला की मी जव्हारात राहत नाही, कचेरीत नसते, एक्कावन्न वर्षांची नसते. डोळे मिटले आणि फुंकलं.

खालचा सूर भरून आला, विहिरीत बोलल्यासारखा. चढत गेले, चौथं बोट उचललं, पाचवं, फुंकीला जरा नेट हवा, पण बोटं सहज बसत होती. मग जोर लावून वरच्यात गेले. तिथे तो बारीक झाला, दूर गेला, पण होता. खैराचा वरचा लागतो, मी मनात म्हटलं. शिसवाचा घेतला. हा फुंकीला हलका, खालून वर न अडखळता उडी घेणारा, आणि वरती खैराहून जरा जास्तच होता. मला आनंद झाला, खरंच झाला, की बघ, येतंय सगळं ऐकू, मशीनच वाईट. मग शिवणीचा. काय सांगू, खालचे सूर असे की वाजवतच राहावं, फुंक लागतच नाही, श्वास सोडला तरी बोलतो, बोटांखाली लोण्यासारखी भोकं. चढत गेले. आणि वरच्यात गेले तर तिथे काहीच नाही. नुसती हवा. परत फुंकलं, जोराने. हवा. डोळे उघडले आणि दहा वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "मुका आहे रे."

मंगळूने मान हलवली. वाईट वाटलं असेल तर त्याने दाखवलं नाही. माझ्या हातातून त्याने शिवणीचा घेतला आणि फडक्याच्या कडेला ठेवला. "मना वाटलंच व्हतं. घरी जातो न् चुलीत सारतो."

ती खोली, ते ऊन, सगळं तिथल्या तिथे राहिलं आणि मी घसरत घसरत कुठेतरी खाली गेले. मी विचारलं, "मागच्या वर्षीचे मुके कुठायत?" "सारले ना. नऊ व्हते." मग चोरी सापडल्यासारखा, नखाने फडक्याचा दोरा काढत म्हणाला, "आठ सारले. एक ठेवला." "का?" "मना तो गोड लागतो, बाय. माझाच कान कच्चा हाय, मना म्हाईत हाय. बा सांगून गेलाय. लोकांत नाय वाजवत मी तो. शेतावर जातो तेवा वाजवतो, एकटाच." आणि लाजून हसला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, स्वतःच्या हाताने केलेला पावा चोरून वाजवतो, कारण बहीण त्याला मुका म्हणाली. म्हणजे दोन वर्षं मी त्याच्याकडून कर्कश पावे करून घेत होते. जे कानात घुसतात तेच मला जेमतेम पोचत होते, तेच मी पास करत होते, आणि जे गोड ते जळत होते. माझ्या कानाने एका वर्षातच आठ पावे जाळले. आणि त्याला ते ऐकू येत होतं, सगळं ऐकू येत होतं, आणि तरी तो स्वतःलाच खोटं ठरवत होता.

आणि मग चूल दिसली. ती नेहमीच दिसते, इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट आहे, पण यावेळी मी चुलीकडे बघत नव्हते, बाच्या तोंडाकडे बघत होते. बा, नको, तो गातो. आणि तो माझ्याकडे बघतो आहे. त्या बघण्यात कौतुक नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले की कौतुक होतं. भीती होती ती. आत्ता शिवणीचा ऐकू आला नाही तेव्हा माझं तोंड जसं झालं असेल, तसं त्याचं झालं होतं. आधीचे चार तर जळून गेले होते. तो दिवसभर कुठे गेला होता? कुठल्या झाडाखाली जाऊन बसला होता, कुठल्या पाखरांच्या उघड्या चोचींकडे बघत? आणि दुसऱ्या दिवशी कुडाच्या आत का गेला? मला वाटायचं, मला पावा दिसू नये म्हणून. तसं नव्हतं. त्याचं तोंड मला दिसू नये म्हणून. सांग गो पोसे, वरचा कसा. तो मला शिकवत नव्हता, तो विचारत होता. सात वर्षांच्या पोरीला, भिंतीआड उभा राहून, दर वर्षी, मरेपर्यंत. आणि कुणालाही कळू दिलं नाही. आयलासुद्धा नाही. बा, तू मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं? मी काय हसले असते?

मंगळू म्हणाला, "बाय, काय झालं? पानी देऊ?" मी नको म्हटलं. मला त्याला सांगायचं नव्हतं. हे कबूल करायला लाज वाटते पण खरं आहे. सांगितलं की मग मी कोण? गुडघा धरलेली आवक-जावकवाली बाई. वर्षातून एकदा हा माणूस तेल लावून, इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात येतो, तो माझ्या कानासाठी. कान नाही म्हटल्यावर नाशिकची गाडी पोशेऱ्याहूनही सुटते. शिसवाचा बांधून दिला असता, चिठ्ठी लिहिली असती, वरचा उत्तम, आणि कुणाला काय कळणार होतं? तिकडे आयर्लंडात देशोदेशीच्या पाव्यांशेजारी मंगळूचा पावा किंचाळला असता, लोकांनी कानावर हात ठेवले असते, आणि मंगळूने म्हटलं असतं, माझाच हात कच्चा. तेही त्याने स्वतःवरच घेतलं असतं, मला माहीत आहे.

मी तिन्ही पावे उचलले. "तू इथेच बस," म्हटलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं. दार जुनं आहे, पुरतं मिटत नाही, बोटभर फट राहते. काळोखात तांदळाच्या डब्याला टेकून उभी राहिले.  शिसवाचा वाजवला, खालून वरपर्यंत. मग शिवणीचा, खालून वरपर्यंत. वरती नुसती हवा. मग विचारलं, "सांग, वरचा कसा?"

बाहेरून मंगळूचा गोंधळलेला आवाज, "मना काय इचारतंस? कान तुझा."

"मला नाही येत रे ऐकू वरचं," मी दाराला म्हटलं. दाराला सांगणं सोपं होतं, बाला कूड का लागत होता ते तेव्हा कळलं. "दोन वर्षं झाली असतील. मला आत्ता आत्ता समजलं. तुझे मुके मुके नव्हते, मंगळू. माझ्यामुळे जळले ते." मग तेही सांगून टाकलं. "आणि बालाही येत नव्हतं. मी लहान होते तेव्हापासून."

आता बाहेर जी शांतता झाली ती माझ्या कानाची होती की खरी, मला कळेना. तो उठून गेला का? रडतो आहे का? की काहीतरी बोलला आणि ते माझ्यापर्यंत आलंच नाही? बाने माझ्या उत्तराची अशीच वाट बघितली असणार, दर वेळी, पोर काय म्हणते. मी मात्र ओट्यावर पाय हलवत, मजेत, वेळ लावून सांगायचे. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो ऐकू आला, जड होता म्हणून. मग मंगळू म्हणाला, अगदी हळू नाही, मला ऐकू जाईल इतपत, "परत फुंक. कंचा ते सांगू नको."

मी फुंकला. "हा डोक्यात जातो," तो म्हणाला. दुसरा. "हा पन. खैराचा हाय का? सांगू नको." मग शिवणीचा.  "हा," तो म्हणाला. "हा गोड हाय, बाय." मी पावे हातात उलटसुलट केले, काळोखात मलाच कळेनासे झाले, वजनावरून तेवढे ओळखू येत होते. पाच वेळा वाजवले, सहा वेळा. दर वेळी शिवणीचा आला की तो गोड म्हणाला, आणि दर वेळी त्याचा आवाज आधीपेक्षा जरा मोठा झाला. शेवटी तर माझं फुंकून संपायच्या आत म्हणाला. मी तिथेच डब्यावर, फटीतून येणाऱ्या उजेडात कागद ठेवून चिठ्ठी लिहिली. शिवण. फुंक हलकी, खालचा भरलेला, उडी सरळ, बोटं सहज. वरचा कसा याच्यापुढे लिहिलं, गोड, आणि खाली सही करायला गेले तशी थांबले. ती जागा मोकळी ठेवली. ती सही त्याची.

"बाय," बाहेरून मंगळू म्हणाला, "आता आख्खा वाजव की. बा वाजवायचा तो. नव्याचा." मी शिवणीचा काखेत धरून पुन्हा ऊब दिली. तो सूर मला बोटांनी पाठ आहे, कानाची गरज नाही. खालून सुरू होतो, दोनदा वळसा घेतो, मग चढतो. चढत गेले तसा तो माझ्यापासून पातळ होत गेला, घरावरून, पाड्यावरून उडत गेलेल्या पाखरासारखा लहान होत गेला, आणि सगळ्यात वर पोचले तेव्हा नाहीसा झाला. बोटांखाली मात्र लाकूड थरथरत होतं. दाराच्या फटीला डोळा लावला. मंगळू उन्हात बसला होता, दोन्ही हात मांडीवर, डोळे मिटलेले, आणि त्याची मान त्या न ऐकू येणाऱ्या सुराबरोबर हळूहळू वर होत चालली होती. कुडाला फटी असतात, हे मला तेव्हा आठवलं. बा मला असंच बघत असणार. मी फुंकत राहिले.